पाच ते सात

डोक्याला मार लागलेल्या माणसाकडे माणसं किती दिवस येतात, याचा एक ठरलेला उतार असतो. अतिदक्षता विभागाबाहेर पहिल्या आठवड्यात उभं राहायला जागा नसते. रक्त द्यायला पोरं रांग लावतात, कुणी डबा आणतं, कुणी ओळखीतल्या डॉक्टरला फोन लावतं, कुणी परस्पर नवस बोलून मोकळं होतं. पेशंट घरी आला की शहाळी आणि सफरचंदं घेऊन दुसरी फळी येते. मग तो चालायला लागतो, आपल्या हातानं जेवायला लागतो, केस वाढून टाक्यांची खूण झाकली जाते आणि सगळे म्हणतात, 'बरा झाला!' तिथून पुढे कुणी येत नाही. पाय मोडलेला असता तर ते ठीकच होतं. मेंदूच्या बाबतीत खरी अडचण 'बरा झाला'च्या दुसऱ्या दिवशी सुरू होते.

माझ्या दादाचं हेच झालं. २०१६ च्या नोव्हेंबरात, रात्री घरी येताना, पांढरे पट्टे न मारलेल्या एका गतिरोधकावरून त्याची गाडी उडाली. हेल्मेट घरी खुंटीला होतं. (पुण्यात हेल्मेटसक्तीविरुद्ध ज्यांनी मोर्चे काढले त्यांच्याबद्दल मला बरंच बोलायचंय, पण ते पुन्हा कधीतरी, नाहीतर हा लेख भलतीकडेच जाईल.) साताऱ्याहून रातोरात पुण्याला नेलं. मेंदूला सूज येत होती आणि कवटीत सुजेला जागा नसते, म्हणून कवटीचा एका बाजूचा तुकडा काढला आणि तो जपून ठेवण्यासाठी त्याच्याच पोटाच्या कातडीखाली शिवून टाकला. आपल्याकडे हे सर्रास करतात. शरीरातच राहिलं की हाड खराब होण्याची भीती कमी, शिवाय ते ठेवायला वेगळी यंत्रणा लागत नाही. आईला हे समजावताना माझ्या तोंडाला फेस आला. 'डोक्याचं हाड पोटात?' असं ती प्रत्येक भेटायला येणाऱ्याला विचारायची, जणू त्यातल्या एखाद्याकडे तरी याहून बरं उत्तर असेल. काही महिन्यांनी सूज उतरल्यावर ते हाड परत डोक्यात बसवलं.

दादा बेशुद्ध होता तेव्हा डॉक्टर रोज एक आकडा सांगायचे. ग्लासगो कोमा स्केल. ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट या दोन डॉक्टरांनी १९७४ मध्ये मांडलेलं हे मोजमाप. डोळे उघडतो का, बोलतो का, हात-पाय हलवतो का, यावरून ३ ते १५ गुण. आम्ही दहावीच्या निकालासारखी त्या आकड्याची वाट बघायचो. १५ झाला त्या दिवशी वॉर्डात पेढे वाटले, साताऱ्याहून मुद्दाम मागवून. पुढे कळलं की १५ म्हणजे फक्त जागा आहे आणि धड बोलतोय. माणसांत कसा राहील, ते या आकड्यात येत नाही.

कपाळाच्या मागे, कवटीच्या आतल्या बाजूला, हाडाचे खडबडीत कंगोरे असतात. डोकं जोरात आपटलं की मेंदू त्यांच्यावर घासतो. म्हणून मार कुठेही बसला तरी कपाळामागचा आणि कानशिलाजवळचा भाग हमखास दुखावतो. या भागांत नव्या आठवणी धरणं, तोंडाशी आलेलं वाक्य आवरणं, समोरच्याचा चेहरा वाचणं असली कामं चालतात. आणखी एक काम तिथंच चालतं, त्याच्याबद्दल फार कमी लोक बोलतात. ते म्हणजे सुरुवात करणं. काहीही सुरू करणं.

दादा एका सहकारी बँकेत होता. आजही त्याला कर्जाचं व्याज तोंडी काढता येतं, पण सकाळी पोहे खाल्ले की उपमा ते सांगता येत नाही. मित्राला फोन करावा हे त्याला सुचतं, करायची इच्छाही असते, फोन हातात असतो, आणि तो तसाच बसून राहतो. आळस किंवा रुसवा यात काही नसतं. गाडीला इंधन आहे, चाकं आहेत, फक्त किल्ली फिरत नाही. पण पलीकडच्या माणसाला एवढंच दिसतं की हा स्वतःहून कधी फोन करत नाही. आपल्याकडे मैत्रीत सगळं माफ असतं, उसने बुडवलेले पैसेसुद्धा. 'एकदा तरी आठवण काढलीस का?' या तक्रारीला मात्र माफी नाही. दादाचे मित्र वाईट नव्हते. तीच गोष्ट चौथ्यांदा ऐकून, लग्नाच्या पंगतीत त्यानं मोठ्यानं केलेली एखादी भलती टिप्पणी सावरून घेऊन आणि एकतर्फी फोन करून ते थकले. २०१९ पर्यंत दिवाळीचा एक मेसेज उरला होता, तोही सगळ्यांना एकदम पाठवलेला.

आणि तरी दादा एकटा नव्हता. हे मला पुरतं कळायला महासाथ यावी लागली.

मी पुण्यात नोकरीला. शनिवार-रविवारी साताऱ्याला जायचो, तेव्हा दादा संध्याकाळी पाचला घराबाहेर पडून सातला परत येतो एवढं माहीत होतं. 'फिरायला जातो,' असं वहिनी सांगायची. एकदा सोबत गेलो तेव्हा लक्षात आलं की त्याला फिरणं म्हणायचं तर चालणं दोन तासांत जेमतेम पंधरा मिनिटांचं. उरलेला वेळ थांबे. गल्लीच्या तोंडाशी पेपर विकणारे काका. मग अण्णांची टपरी, तिथं कटिंग. दिवसाआड नानांच्या सलूनमध्ये दाढी, आणि दाढीचा दिवस नसेल तरी तिथल्या बाकावर बसणं. मग मोती चौकातून राजवाड्यापर्यंत आणि शेवटी गोलबागेत निवृत्त मंडळींचा कट्टा. दादा तिथं वयानं सगळ्यांत लहान. सगळे त्याला 'बँकवाले' म्हणायचे.

'काय बँकवाले, निवांत?'

'निवांत.'

'चहा?'

'अर्धा.'

'ऊन काय पडलंय!'

'यंदा जास्तीच.'

हे संभाषण रोज व्हायचं, शब्दही न बदलता. माझ्या डोक्यात तेव्हा काहीतरी लख्ख झालं. दादाची पंचाईत होते ती कालचं आठवून आज पुढचं बोलायचं असतं तिथं. मित्रांच्या गप्पा तशा असतात. त्यांत मागचे धागे असतात, कुणाच्या मुलाची ॲडमिशन, कुणाच्या घराचा हप्ता. टपरीवरच्या बोलण्याला मागचा धागाच नसतो. सगळेच रोज तेच बोलतात. तिथं दादा कुणापेक्षाही कमी नव्हता. उलट ठरलेली उत्तरं त्याच्याइतकी झटकन कुणाचीच येत नव्हती. शिवाय काही सुरू करायची जबाबदारी त्याच्यावर नव्हती. तो फक्त त्या रस्त्यानं जायचा. हाक समोरून यायची.

फिनियस गेजची गोष्ट मेंदूच्या प्रत्येक पुस्तकात असते. १३ सप्टेंबर १८४८, अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातलं कॅव्हेंडिश गाव. रेल्वेमार्गासाठी सुरुंग ठासताना साधारण सहा किलोची, साडेतीन फुटांहून लांब लोखंडी कांब त्याच्या गालातून शिरून डोक्यातून बाहेर पडली. तो जगला, पण त्याच्या ओळखीचे म्हणाले, हा पूर्वीचा गेज नाही. गोष्ट सहसा इथंच संपवतात: सज्जन मुकादम शिवराळ झाला, नोकरी गेली, बस्स. पुढचा भाग मला फार उशिरा वाचायला मिळाला. १८५२ मध्ये गेज चिलीला गेला आणि तिथं कित्येक वर्षं त्यानं वालपाराइसो ते सांतियागो या रस्त्यावर घोडागाडी हाकली. रोज त्याच वेळी उठायचं, घोडे जुंपायचे, प्रवासी चढवायचे, भाडं घ्यायचं. माल्कम मॅकमिलन या ऑस्ट्रेलियन मानसशास्त्रज्ञानं या काळाचा मागोवा घेऊन असं मांडलं की ठरीव दिनक्रम आणि रोजची अनोळखी, मर्यादित माणसं यांनीच गेजला पुन्हा बऱ्यापैकी माणसांत आणलं असावं. हे वाचताना मला अण्णांची टपरी दिसत होती.

तर हे सगळं जाग्यावर होतं आणि मार्च २०२० आला.

कंपनीनं घरून काम करायला सांगितलं म्हणून मी साताऱ्याला आलो होतो. २२ मार्च, रविवार, जनता कर्फ्यू. संध्याकाळी पाच वाजता साऱ्या देशानं थाळ्या वाजवायच्या होत्या आणि पाच ही दादाची चपला घालायची वेळ. तो फाटकाशी आला आणि चारी बाजूंनी थाळ्या, शंख, कुकरची झाकणं सुरू झाली. डोक्याला मार लागलेल्या कित्येकांना गोंगाट गाळून घेता येत नाही. सगळे आवाज एकदम, सारख्याच जोरानं आत येतात. दादा कानांवर हात ठेवून फाटकाशीच खाली बसला. समोरच्या गच्चीवरून कुणीतरी हौसेनं त्याचा व्हिडिओ काढत होतं.

२४ तारखेच्या रात्री आठ वाजता टाळेबंदी जाहीर झाली. दुसऱ्या दिवशी पाडवा होता. वहिनीनं स्वयंपाकघरातल्या पांढऱ्या फळ्यावर, जिथं औषधांच्या वेळा लिहिलेल्या असतात, तिथं ठळक लिहिलं: 'साथ आली आहे. सगळं बंद आहे. अण्णांची टपरी पण बंद आहे. बाहेर जायचं नाही.' दादानं ते वाचलं. नीट समजून घेतलं. 'बरोबर आहे, म्हातारी माणसं असतात कट्ट्यावर, त्यांना जपायला हवं,' असंही म्हणाला. पाच वाजता चपला घालायला उठला.

सवय मेंदूत जिथं राहते ती जागा वेगळी आणि आज सकाळी कळलेली बातमी ठेवायची जागा वेगळी. दादाची पहिली शाबूत आहे, दुसरी फुटकी. त्यामुळे पायांना पाच वाजलेले कळायचे आणि डोक्याला साथ कळायची नाही. रोज संध्याकाळी त्याला दाराशी थांबवून सगळं पहिल्यापासून सांगायचं. रोज तो चकित व्हायचा, चौकशी करायचा: कुठून आली, कधीपासून, किती मेले. मग गप्प. आपल्या सगळ्यांना टाळेबंदीचा धक्का एकदा बसला आणि मग आपण त्याला सरावलो. दादाला तो रोज बसायचा.

गच्चीवर फेऱ्या मारून बघितल्या. दोन दिवसांत त्यानं नाही म्हटलं. गच्चीवर कुणी भेटत नाही हे त्याचं म्हणणं बिनतोड होतं. एकदा मी काचेच्या ग्लासात अर्धा चहा घेऊन त्याच्यासमोर गेलो आणि म्हटलं, 'काय बँकवाले, निवांत?' त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाला, 'तू कशाला अण्णा होतोस?'

त्यावर उत्तर नव्हतं. माया असलेली माणसं घरात भरपूर होती. त्याला हवी होती ती ज्यांना त्याच्याबद्दल फार काही वाटत नाही अशी माणसं. घरातल्या प्रत्येकाच्या नजरेत थोडी काळजी असते, थोडी तपासणी असते: गोळी घेतली का, आज चिडचिड का, मघाशी सांगितलेलं लक्षात आहे का. अण्णांना त्याचं काही पडलेलं नव्हतं. त्यांच्यासाठी दादा म्हणजे एक अर्धा चहा आणि वेळच्या वेळी पैसे. दिवसातून दोन तास कुणीच आपल्याला तपासत नाही, हे सुख काय असतं ते दाराशी अडवलेल्या माणसाला विचारावं.

त्या काळात सगळे सांगत होते, अंतर ठेवा पण फोनवर भेटत राहा. व्हॉट्सॲपनं तर एप्रिलच्या अखेरीस एका व्हिडिओ कॉलवर चाराऐवजी आठ जणांची सोय केली. आमची चुलत-मावस भावंडं लगेच जमली: पिंपरी, डोंबिवली, न्यू जर्सी. दादाला मधोमध बसवला. आठ चौकटी, सगळे एकदम बोलतायत, एकाचा आवाज तुटतोय, मागे कुणाचा तरी मिक्सर. समोरासमोर असताना कुणाची बोलायची पाळी आहे हे आपल्याला नजरेवरून, पुढे झुकण्यावरून कळतं. पडद्यावर ते धडधाकट माणसालाही कळत नाही. दादाला उत्तर जुळवायला चार-पाच सेकंद लागतात. गोलबागेत बाकावर पाच सेकंद म्हणजे काहीच नाही, तिथं लोक तंबाखू मळून होईपर्यंत थांबतात. कॉलवर तेवढ्यात विषय बदलतो, किंवा कुणीतरी 'हॅलो, ऐकू येतंय का?' म्हणतं. तिसऱ्यांदा तसं झाल्यावर तो उठून गेला आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झोपला. मेंदू दुखावलेल्यांचा थकवा असाच असतो. अर्ध्या तासाचं बोलणं दिवसभराची शिल्लक उपसतं.

महासाथीनं काय केलं याचा मी खूप विचार केला आहे आणि मला वाटतं ते असं: माणसांची भेट ही तोवर आपोआप घडणारी गोष्ट होती, ती ठरवून करायची गोष्ट झाली. भेटायचं असेल तर आठवण ठेवा, वेळ ठरवा, लिंक उघडा, तुम्हीच फोन लावा. आठवणं, ठरवणं, सुरुवात करणं. म्हणजे ज्या तीन गोष्टी दादाच्या कपाळामागे मोडल्या होत्या, नेमक्या त्यांच्यावरच सगळ्या जगाचा संपर्क उभा राहिला.

यात एक गमतीचा कालखंड आला, तो सांगायला हवा. एप्रिल-मेमध्ये घरात कुणालाच वार कळेनासा झाला. 'आज काय आहे रे, गुरुवार?' असं दादा विचारायचा आणि आम्ही तिघंही एकमेकांच्या तोंडाकडे बघायचो. आई म्हणाली, 'आता सगळेच तुझ्यासारखे झाले.' दादा खो खो हसला. याच दिवसांत त्याचे जुने मित्रही परत आले. घरात कोंडलेली, कंटाळलेली माणसं जुने नंबर काढून फोन लावत होती, त्यात दादाचाही लागला. कॉलेजातला एक जण तर दर दोन-तीन दिवसांनी करायचा. तो तेच तेच सांगायचा: कंपनीत कपात होईल का, सोसायटीत दूधवाल्याला का सोडत नाहीत. दादा तेच तेच ऐकायचा आणि त्याला ते प्रत्येक वेळी नवं असायचं. इतका आदर्श श्रोता त्या मित्राला जन्मात मिळाला नसेल.

जूनमध्ये राज्यानं 'मिशन बिगिन अगेन' म्हणत एकेक गोष्ट उघडली. मित्राचे फोन महिनाभरात थांबले. त्याची नोकरी टिकली होती असं नंतर कळलं. बरं वाटलं, दुसरं काय वाटणार. पण तेव्हा एक गोष्ट मला फार स्पष्ट दिसली. ज्याला सगळं जग एकटेपणा म्हणत होतं, ज्याच्यावर रोज तज्ज्ञ बोलत होते, तो अडीच महिन्यांचा होता आणि त्याला शेवट होता. दादासारखे लोक त्यात आधीपासून राहत होते आणि बाकीचे उठून गेल्यावरही तिथंच राहिले.

सलूनं राज्यात २८ जूनपासून उघडली, पण फक्त केस कापायला. दाढीला परवानगी नव्हती. नियमामागचं कारण उघड होतं, दाढी करताना तोंडाला मास्क कसा लावणार? पण दादा नानांकडे जायचा तो दाढीसाठी. तो खुर्चीत बसला आणि नाना म्हणाले, 'दाढी नाही होत, केस कापू का?' केस आठवड्यापूर्वी वहिनीनं घरीच कापले होते. दादा उठून बाकावर बसला तर बाकावर फुली मारलेली, बसायचं नाही. नानाही धंद्याच्या काळजीत, बोलायच्या मनःस्थितीत नव्हते.

मास्कनं उरलंसुरलं काढून घेतलं. दादाला समोरच्याच्या मनातलं ओळखणं आधीच जड जातं, त्यात अर्धा चेहरा फडक्याआड. हसून बोललेलं आणि त्रासून बोललेलं त्याला सारखंच ऐकू यायला लागलं. त्याचा स्वतःचा मास्क बोलताना हमखास हनुवटीवर यायचा, कारण आपलं बोलणं अडखळतं हे त्याला माहीत आहे आणि ओठ दिसले तर लोकांना समजतं हेही. आणि तो बोलताना जवळ सरकतो. किती जवळ उभं राहायचं याचा अंदाज ही बारीक जाण आहे, तीही कपाळामागचीच. भाजीच्या गाड्यापाशी एक बाई त्याच्यावर ओरडल्या, 'लांब व्हा! अक्कल नाही का?' त्यांची काही चूक नव्हती. घाबरलेल्या होत्या, तेव्हा कोण नव्हतं? दादाला तो प्रसंग दुसऱ्या दिवशी आठवत नव्हता. पण आठवण गेली तरी भीती राहते. त्यानंतर पाच वाजता तो चपलेपर्यंत यायचा आणि परत फिरायचा. कारण विचारलं तर सांगता यायचं नाही. पावसाळ्यात त्यानं बाहेर पडणंच सोडलं.

ऑगस्टमध्ये त्याला पुन्हा फिट आली. गोळ्या चालू असताना. टेलिमेडिसिनची नियमावली केंद्रानं २५ मार्चलाच काढली होती, त्यामुळे पुण्याचे न्यूरोचे डॉक्टर व्हिडिओवर बघत होते आणि चिठ्ठी व्हॉट्सॲपवर यायची; हा मोठाच आधार होता. पण या वेळी त्यांनी प्रत्यक्ष आणायला सांगितलं. जिल्ह्याबाहेर जायला तेव्हा ई-पास लागायचा, तो काढून गेलो. ओपीडीत लांब लांब ठेवलेल्या खुर्च्यांवर आमच्यासारखीच घरं बसली होती. सोलापूरकडच्या एक ताई नवऱ्याला घेऊन आल्या होत्या. त्याचं हाड अजून पोटात होतं. परत बसवायची शस्त्रक्रिया 'तातडीची नाही' या यादीत गेली आणि पुढे पुढे ढकलली गेली. कवटीच्या त्या बाजूला खड्डा, त्यावर फक्त कातडी. पोरं खेळताना कुणाचा हात लागेल म्हणून तो दिवसभर एका खोलीत बसून असतो, असं त्या सांगत होत्या. दुसऱ्या एका आईच्या मुलाची वाचा गेलेली. त्याला शब्द सुचत नाहीत, पण ओठ बघून तो बरंच समजायचा. आता सगळ्यांचे ओठ झाकलेले. ती माऊली मास्क काढून त्याच्याशी बोलायची आणि दर वेळी सुरक्षारक्षक येऊन टोकायचा.

दिव्यांगांच्या कायद्याबद्दलही तिथंच बोलणं निघालं. २०१६ च्या कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. मेंदूच्या दुखापतीचं त्यात स्वतंत्र नाव नाही. ज्याचा हात-पाय लुळा पडला त्याला एक रकाना सापडतो, ज्याची वाचा गेली त्याला दुसरा. दादासारखा, दिसायला धट्टाकट्टा आणि आतून विस्कटलेला माणूस कुठल्या रकान्यात बसवायचा यावर प्रत्येक खिडकीवरचा माणूस वेगळं सांगतो. जे मोजलं जात नाही त्याच्यासाठी साथीच्या काळात कुणी योजना आखेल अशी अपेक्षाच चुकीची होती.

आणि वहिनी. मी एवढं दादाबद्दल लिहिलं, कारण ज्याचं दुखतं त्याच्याकडेच सगळे बघतात. वहिनी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. टाळेबंदीत शाळा मोबाईलवर आली आणि तिच्या वर्गातल्या निम्म्याअधिक मुलांच्या घरी मोबाईल नव्हता, ते वेगळंच. पण तिच्या संपूर्ण दिवसात तिचे स्वतःचे असे दोनच तास होते: पाच ते सात. दादा बाहेर असायचा तेवढे. हे तिनं कधी बोलून दाखवलं नव्हतं. एका रात्री भांडी घासता घासता म्हणाली, 'भाऊजी, यांचं सगळं गेलं हे खरंय. पण माझे पाच ते सात पण गेले.' तिच्या मैत्रिणीही दादाच्या मित्रांच्या मागोमाग, जरा सावकाश, कमी झाल्या होत्या. घरी बोलावता येत नाही, दादाला सोडून जाता येत नाही. दुखापत एकाला होते आणि माणसं दोघांचीही तुटतात.

२०२१ च्या एप्रिलमध्ये दुसऱ्या लाटेत पेपरवाले काका गेले. आठवडाभरात, ऑक्सिजनच्या शोधात. दादाला सांगितलं. तो रडला. दोन दिवसांनी म्हणाला, 'काकांचं बिल द्यायचं राहिलंय.' आता काय करायचं? मी म्हटलं, गावाला गेलेत म्हणू. वहिनीला ते पटलं नाही. तिचं म्हणणं, त्याच्याशी खोटं बोलायला लागलो की मग तोही घरात एकटाच. ती दर वेळी खरं सांगायची. तो दर वेळी ऐकायचा. किती खोलवर जाऊन ते शेवटी कुठंतरी टिकलं कुणास ठाऊक, पण काही महिन्यांनी तो बिलाचं विचारायचा थांबला. काकांच्या मुलानं गल्लीच्या तोंडाशी परत पेपर मांडले तेव्हा दादानं त्याला काका म्हणूनच हाक मारली. पोरगा पंचविशीचा. तो 'ओ' म्हणाला. अजूनही म्हणतो.

राज्यातले निर्बंध १ एप्रिल २०२२ पासून पूर्ण उठले. आमचं काम त्यानंतर खरं सुरू झालं, कारण रस्ता मोकळा झाला तरी त्या रस्त्यावरची हाक आपोआप परत येत नाही. अण्णांनी टपरी विकून गाव गाठलं होतं. गोलबागेतल्या कट्ट्यावरचे तिघं-चौघं उरले नव्हते, काहींना मुलांनी पुण्याला नेलं होतं. नव्या टपरीवाल्याला दादा माहीत नव्हता. वहिनी पहिले काही दिवस दादाच्या दहा पावलं मागून चालली. टपरीवाल्याला तिनं बाजूला घेऊन दोनच वाक्यं सांगितली: 'अपघातात डोक्याला लागलंय, उत्तर द्यायला जरा वेळ लागतो. तुम्ही रोज काहीतरी विचारत जा, तेच विचारलं तरी चालेल.' उपचार, आजार, दया यातलं काहीही तिनं सांगितलं नाही. टपरीवाला म्हणाला, 'ताई, आमी कुठं रोज नवीन बोलतोय?'

नाना आता दाढी करतात, बाकावरची फुली पुसली आहे. एका महिन्यात दादा चपलेपाशी अडखळायचा थांबला, दुसऱ्या महिन्यात एकटा जाऊ लागला. नव्या टपरीवर त्याला 'साहेब' म्हणतात. बँकवाले हे नाव अण्णांबरोबर गेलं. चहा मात्र तिथं पूर्णच मिळतो, अर्धा देत नाहीत, आणि त्यावरून दादाची रोज हुज्जत चालते. तीही आता ठरलेल्या शब्दांत.

मी पुण्याला परतलो आहे. सुट्टीच्या दिवशी जातो, पण पूर्वीसारखा दुपारी नाही. वहिनीनं स्पष्ट सांगितलंय, 'भाऊजी, रविवारी आलात तर सातनंतर या. पाचला येऊन माझ्या डोक्यावर बसू नका.'